व्यंग कोणाचें? : हॉथॉर्नच्या ‘जन्मखूण’ कथेच्या निमित्तानें

कांहीं कथा लिहिल्या जातात त्या काळीं त्यांतील प्रसंग निव्वळ कल्पनेंतला वाटतो. पण पुढें जग चालत चालत त्या प्रसंगाच्या दाराशीं येऊन उभें राहतें. अमेरिकन कथाकार नथानिएल हॉथॉर्न याची ‘द बर्थमार्क’ ही कथा, आपण तिला ‘जन्मखूण’ म्हणूं, अशांपैकींच एक होय. ती १८४३ सालीं ‘पायोनियर’ नांवाच्या एका अल्पायुषी मासिकांत प्रथम आली आणि १८४६ सालीं ग्रंथकाराच्या कथासंग्रहांत समाविष्ट झाली. ईथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचें प्रसिद्ध प्रात्यक्षिक बोस्टन शहरीं झालें, तेंही याच १८४६ सालीं. अर्थात् कथा लिहिली गेली तेव्हां निरोगी मनुष्यानें केवळ रूपासाठीं आपला देह शस्त्राखालीं द्यावा, ही गोष्ट व्यवहारांतली नव्हती. आज ती व्यवहारांतली झाली आहे. नाक, हनुवटी, पोट आणि केस ‘सुधारून’ देणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या आतां आमच्या शहरांत कोणाला नव्या राहिल्या नाहींत. म्हणून ही जुनी कथा पुन्हा एकदां काळजीपूर्वक वाचावी असें आम्हांस वाटलें.

या विषयावर आपल्याकडे जें बोललें जातें तें बहुधा दोन ठराविक चाकोऱ्यांतून जातें. पहिली चाकोरी जाहिरातीची. तींत शस्त्रक्रिया म्हणजे जणूं केस कापण्याइतकी सोपी गोष्ट, आणि तिच्या अंतीं आत्मविश्वास हमखास ठेवलेला. दुसरी चाकोरी उपहासाची. तींत शस्त्राखालीं जाणारा प्रत्येक मनुष्य नटवा, उथळ आणि पैशाला जड झालेला. पहिलींत धोका झांकला जातो, दुसरींत माणूस. मूळ प्रश्न आमच्या मतें दोहोंतूनही निसटतो. तो प्रश्न असा, कीं जें व्यंग शस्त्रानें काढावयाचें तें कोणाचें असतें? ज्याच्या देहावर तें दिसतें त्याचें, कीं ज्याच्या डोळ्यांना तें खुपतें त्याचें? हॉथॉर्नची कथा हा प्रश्न फार उत्तम रीतीनें विचारते. तिनें दिलेलें उत्तर मात्र आम्हांस अर्धेंच वाटतें.

कथानक थोडक्यांत सांगतां येण्याजोगें आहे. आयल्मर हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एक नामांकित शास्त्रज्ञ. जॉर्जियाना या अत्यंत सुंदर तरुणीशीं त्याचा विवाह झाला आहे. तिच्या डाव्या गालावर चिमुकल्या पंजाच्या आकाराची एक लाल खूण आहे. ती लाजली कीं खूण गालाच्या लालींत बुडून जाते. ती फिकी पडली कीं खूण उठून दिसते. लग्नापूर्वीं तिच्या चाहत्यांना ही खूण मोहक वाटे, कांहीं बायकांना ती विद्रूप वाटे. लोक मोहक म्हणतात म्हणून जॉर्जियानेला स्वतःलाही ती तशीच असावी असें वाटे. लग्नानंतर थोड्याच दिवसांनीं नवरा विचारतो कीं, ही खूण काढतां येईल असें तुझ्या मनांत कधीं आलें नाहीं काय? तेथून पुढें त्याची नजर त्या गालावरून ढळत नाहीं. अखेर जॉर्जियानाच म्हणते कीं, जिवावर बेतलें तरी चालेल, पण ही काढून टाका. आयल्मर औषध सिद्ध करतो. ती तें पिते. खूण हळूहळू मावळते, आणि खुणेबरोबर तीही.

या कथेंतील सर्वांत मार्मिक जागा आमच्या मतें शेवटचा पेला नव्हे. तो तर कोणीही शोकान्तिका लिहिणारा लेखक योजील. मार्मिक जागा आहे ती मधली. नवरा रोखून पाहतो, म्हणून ती पांढरीफटक पडते. ती पांढरी पडते, म्हणून खूण ठळक होते. खूण ठळक होते, म्हणून नवऱ्याला तिची अधिक किळस येते. दोष नजरेंतून जन्मास येतो आणि देहावर मोठा होतो, हें याहून थोडक्या शब्दांत क्वचितच कोणी दाखविलें असेल. तसेंच तें स्वप्न. आयल्मर झोपेंत ती खूण शस्त्रानें कापूं लागतो, आणि शस्त्र जों जों खोल जातें तों तों तो पंजाही खोल जातो. शेवटीं त्यानें हृदयच धरून ठेवलेलें आढळतें. वरवरचें म्हणून जें काढावयास जावें तें आंत किती दूरवर गुंतलेलें असतें, याची सूचना येथें लेखकानें दिली आहे.

आतां वाचक विचारतील कीं, या किमयागाराच्या गोष्टीचा खऱ्या शस्त्रवैद्यकाशीं संबंध काय? तो दिसण्यासाठीं या विद्येचा इतिहास थोडा चाळला पाहिजे, आणि तो इतिहास आमच्या पुण्यावरूनच जातो. प्लॅस्टिक सर्जरी या नांवांतील पहिला शब्द आकार देणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. हें आकार देणें आपल्या देशांत फार जुनें. नाकाच्या मापाचें पान घ्यावें, तेवढी कातडी गालावरून उचलावी आणि ती कापलेल्या नाकाच्या जागीं जोडावी, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें एक पत्र छापून आलें. कावसजी नांवाचा एक मराठा इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. मग विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें पुण्याजवळ त्याला नवें नाक करून दिलें. मेणाच्या पत्र्यानें माप घेतलें, तें कपाळावर आंखलें, तेवढी कातडी सोडवून खालीं वळविली, आणि रक्त पोंचत राहावें म्हणून भुंवयांच्या मध्यें तिची एक पट्टी अखंड ठेविली. सुमारें पंचवीस दिवसांनीं जोड पक्का झाल्यावर ती पट्टी कापली. मुंबई सरकारच्या नोकरींतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें. हाच धडा गिरवून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनें १८१४ सालीं तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला.

पुढें पहिल्या महायुद्धांत खंदकांतील तोफगोळ्यांनीं ज्यांचे जबडे, नाकें, डोळ्यांच्या खांचा उडून गेल्या अशा हजारों सैनिकांवर हॅरोल्ड गिलीज यानें इंग्लंडांतील सिडकप येथें उपचार केले. तेथील रुग्णालय १९१७ सालीं उघडलें. गिलीजच्या हातूनही चूक झाली. एका होरपळलेल्या वैमानिकाच्या चेहऱ्यावर छातीवरील कातडीचा मोठा तुकडा त्यानें एकाच वेळीं बसविला. तो कुजला आणि १९१८ सालीं तो तरुण मरण पावला. एका बैठकींत सारें साधूं नये, टप्प्याटप्प्यानें जावें, हा धडा त्या मरणानें दिला.

कावसजीला भूल मिळाली नव्हती. गिलीजच्या रोग्यांना जंतुनाशक औषधांचा आजचा आधार नव्हता. त्यांच्यापुढील धोका आजच्या कोणत्याही धोक्याहून मोठा होता. तरी त्या शस्त्रक्रियांविषयीं आमच्या मनांत किंतु येत नाहीं, याचें कारण काय? तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत कांहीं तरी होतें, हें त्याचें कारण. कावसजीचें व्यंग कोणाच्या नजरेनें निर्माण केलेलें नव्हतें. तें सुऱ्यानें निर्माण केलेलें होतें. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेलें मूल, स्टोव्हच्या भडक्यांत भाजून मान छातीला चिकटलेली स्त्री, यांना ही विद्या वरदानच आहे. शिवाय अशा शस्त्रक्रियेला अंत असतो. नाक झालें, ओठ जुळला, मान वळूं लागली, कीं काम संपलें. निरोगी देहावर जेव्हां तेंच शस्त्र चालतें तेव्हां दुसरें पारडें रिकामें असतें. त्यांत ठेवावयास एक अपेक्षा तेवढी असते. धोका तोच राहिला तरी त्याचें वजन यामुळें पालटतें. रोग बरा करतांना शंभरांत एकाला अपाय झाला तर आपण तो सोसतों. रोगच नसतांना हजारांत एकाला झालेला अपायही भारी पडतो.

आणि तो अपाय काल्पनिक नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीनें देहांतील उणीव भरून काढण्यासाठीं व्हॅसलीनसारखा पदार्थ टोंचण्याची युक्ति काढली. लवकरच नाकें सरळ करण्यासाठीं आणि सुरकुत्या भरण्यासाठीं पॅराफिन मेण सर्रास टोंचलें जाऊं लागलें. पण मेण जागेवर राहीना. तें उन्हानें आणि काळानें सरकूं लागलें, त्याभोंवतीं गाठी धरल्या, कातडी फुटली. कांहींची दृष्टि गेली. १९६२ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें सिलिकोनच्या पिशव्या स्त्रियांच्या वक्षांत प्रथम बसविण्यांत आल्या. तीस वर्षांनीं, १९९२ सालीं, अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यानें सिलिकोन भरलेल्या पिशव्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातली; २००६ सालीं ती सैल केली. २०१० सालीं फ्रान्समध्यें उघडकीस आलें कीं, पीआयपी या कंपनीनें वैद्यकीय सिलिकोनऐवजीं कारखान्यांत वापरावयाचें हलक्या प्रतीचें सिलिकोन भरून पिशव्या जगभर विकल्या होत्या. तिच्या संस्थापकाला २०१३ सालीं कारावासाची शिक्षा झाली. खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांचा एका प्रकारच्या लसिका-कर्करोगाशीं संबंध दिसल्यामुळें २०१९ सालीं तसा एक मोठा साठा बाजारांतून परत घेण्यांत आला. या पिशव्या जन्मभर टिकण्यासाठीं नसतात, हें तर आतां त्यांच्याबरोबरच सांगावें लागतें. म्हणजे एक शस्त्रक्रिया पुढील शस्त्रक्रियेचें बीज पोटांत घेऊनच येते.

पोटाची चरबी काढून ती नितंबांत भरण्याची जी चाल हल्लीं पडली आहे, तींत स्नायूंतील मोठ्या शिरांत चरबी शिरून ती फुप्फुसांत जाते आणि धडधाकट स्त्री शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावते. २०१८ सालीं अशा शस्त्रवैद्यांच्याच संघटनांनीं इशारा दिला कीं, हें मरणाचें प्रमाण तीन हजारांत एक इतकें असूं शकेल. ओठ किंवा गाल फुगविण्यासाठीं टोंचलेला द्रव चुकून रक्तवाहिनींत गेला तर कातडी मरते, क्वचित् डोळाही जातो. नाकाची कुर्चा अधिक छाटली गेली तर तें दिसावयास सुबक होतें, पण श्वास घेतांना नाकपुड्या आंत ओढल्या जातात. आणि नाकाचें अंतिम रूप ठरावयास वर्षभर लागत असल्यानें तोंपर्यंत बरेंवाईट कांहींच कळत नाहीं. आमच्यासारख्या सांवळ्या वर्णाच्या लोकांना आणखी एक भय आहे. कान टोंचल्यावर पाळीला वाटोळी टणक गांठ आलेली आपण पुष्कळांनीं पाहिली असेल. तिला केलॉइड म्हणतात. आपल्या कातडीला ही खोड गोऱ्या कातडीहून अधिक असते. सौंदर्यासाठीं घातलेला टांका अशा रीतीनें कायमचा फुगीर व्रण होऊन बसतो. आणि शिकाऊ हातांचें काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ सालीं केशरोपणासंबंधीं असें बजावून सांगावें लागलें कीं, कार्यशाळेंत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलें ज्ञान म्हणजे शिक्षण नव्हे. जी गोष्ट बजावावी लागते ती कोठें तरी घडत असते.

येथें कोणी म्हणेल कीं, धोके नीट सांगा, कागदावर सही घ्या, मग ज्याची त्याची इच्छा. हेंच उत्तर हॉथॉर्ननें फार पूर्वीं तपासून पाहिलें आहे, आणि या बाबतींत तो आपल्यापुढें आहे. आयल्मर पत्नीला धुरकट प्रयोगशाळेंत ठेवीत नाहीं. तिच्यासाठीं तो पडद्यांनीं सजविलेली सुगंधी खोली तयार करतो आणि तिचें मन रमविण्यासाठीं नाना चमत्कार दाखवितो. आजच्या दवाखान्यांचें मऊ कोचांचें दिवाणखाने ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना या खोलीची ओळख पटेल. धोका आहे ही गोष्ट तो तिला आपण होऊन सांगत नाहीं. ती न बोलावतां प्रयोगशाळेंत शिरते तेव्हां तिला ती कळते, आणि तींव्र औषधें आधींच दिलीं गेलीं आहेत हेंही तेव्हांच कळतें. इतकें फसवणुकीचें झालें. पण त्यापूर्वींच तिनें नवऱ्याच्या प्रयोगांची वही वाचलेली असते. त्याचे मोठमोठे प्रयोग मनांतील ध्येयाच्या मानानें बहुतेक फसलेले आहेत, हें तिला त्या वहींत स्पष्ट दिसतें. तरी ती मागें फिरत नाहीं. उलट त्याच्याविषयींचा तिचा आदर वाढतो. ज्ञान मिळालें, संमति मिळाली, आणि तरीही तिचा घात झाला. कारण प्याला पुढें आला त्याच्या फार आधीं तिला स्वतःच्या गालाची शिसारी शिकविण्यांत आली होती. सही करणारा हात मोकळा असतो. पण तो ज्या मनाचा, तें मोकळें असतेंच असें नाहीं.

वैद्यकालाही हें अनुभवानें कळलें आहे. इटालियन वैद्य एन्रिको मोर्सेली यानें १८९१ सालीं एका मनोविकाराचें वर्णन केलें. त्यांत चांगल्या देहाच्या माणसाला आपण विद्रूप आहों असा ध्यास लागतो आणि तो तासन् तास आरसा पाहत किंवा टाळीत बसतो. अशा रोग्यावर शस्त्र चालवून बहुधा गुण येत नाहीं. नाक सुधारलें तर ध्यास हनुवटीवर जाऊन बसतो. म्हणून विवेकी शस्त्रवैद्य अशा रोग्याला ओळखून परत पाठवितो. ज्याचा धंदा प्रत्येक होकारावर चालतो त्याला हा नकार अवघड जातो, हें सांगावयास नको.

आतां कथेच्या उणिवांकडे वळूं. पहिली उणीव रूपकाची. हॉथॉर्नला ती खूण म्हणजे मानवी मर्त्यतेची मुद्राच वाटते; ती पुसावयाची म्हणजे जीवच पुसावयाचा. त्यामुळें जॉर्जियानेचें मरण अटळ ठरतें आणि अटळ मरणाचा जाब कोणाला विचारतां येत नाहीं. पण शस्त्रक्रियेच्या मेजावर जें मरण येतें त्यांत गूढ कांहीं नसतें. चरबी शिरेंत जाते, भूल देणारा जवळ नसतो, रक्त थांबत नाहीं, रुग्णाला वेळेवर मोठ्या रुग्णालयांत हलविलें जात नाहीं. यांतील प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो. नियतीचा शेला पांघरून या गोष्टी झांकणें आम्हांस मान्य नाहीं. दुसरी उणीव सहानुभूतीची. मरतांना जॉर्जियाना नवऱ्याचें सांत्वन करते, आणि लेखकाचा अखेरचा उसासाही त्या नवऱ्यासाठींच निघतो, कीं याच्या हातीं आलेलें सुख यानें दवडलें! जी मेली तिच्यासाठीं मात्र लेखकापाशीं एक सात्त्विक स्मित तेवढें आहे. तिला संताप का येऊं नये, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाहीं. सतीत्वाच्या अशा गौरवाची आमच्या वाङ्मयालाही चांगली ओळख आहे. म्हणूनच तो आम्हांस खटकतो.

तिसरा आक्षेप कथेवर नसून आमच्या या वाचनावर घेतां येईल, आणि तो न्याय्य आहे. आज गालावरील तशा लाल खुणा लेसर किरणांनीं पुष्कळशा फिकट करतां येतात. जॉर्जियाना आज असती तर कदाचित् जगली असती, खूणही गेली असती. मग कथेंत राहिलें काय? त्याबरोबरच असेंही विचारतां येईल कीं, आम्ही कान टोंचतों, गोंदवून घेतों, दांत तारेनें बांधून सरळ करतों. मग नाकानेंच काय पाप केलें? आमचें उत्तर असें. देह जसा मिळाला तसाच ठेवावा असा आमचा आग्रह नाहीं. जी व्यक्ति आपल्या मनानें, जाणत्या वैद्याकडे, धोक्याचा हिशेब करून जाते तिला हंसण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. हंसणारा हा आयल्मरचाच भाऊबंद, कारण तोही दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावूनच बसलेला असतो. पण जॉर्जियाना जगली असती तरी कथेंतील मुख्य अपाय टळला नसता. जी स्त्री कालपर्यंत आरशापुढें निःशंक उभी राहत होती ती आज त्याच आरशापुढें शहारते, हा तो अपाय. आणि ज्या डोळ्यांना एवढी चिमुकली खूण सोसवली नाहीं, ते डोळे दुसऱ्या दिवशीं काय शोधूं लागले असते, याची कल्पना कोणालाही करतां येईल. पहिली सुरकुती कांहीं फार दूर नव्हती.

हॉथॉर्नच्या कथेंत आयल्मर एकच आहे, आणि त्याच्या हातानें जें घडलें तें दाखवून लेखक थांबतो. आमच्याकडे तो अनेक झाला आहे. ‘नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें’ ही म्हण आम्ही लहान मुलींच्या देखत सहज उच्चारतों. तिचें मूळ काय असेल तें असो, ऐकणारी मुलगी ती ऐकते आणि आपल्या नाकाला हात लावून पाहते. मुलगी पाहावयास आलेली मंडळी, ‘गोरी, सडपातळ’ एवढीं दोनच विशेषणें वापरणारी लग्नाची जाहिरात, ‘जरा बारीक झालीस तर शोभशील’ म्हणणारी प्रेमळ मावशी, आणि हातांतील यंत्रावर चेहरा गुळगुळीत करून दाखविणारें चित्र, हीं सगळीं मिळून आयल्मरचें पहिलें काम करून ठेवतात. शस्त्रवैद्याच्या दारांत ती मुलगी पोंचते तेव्हां अर्धी शस्त्रक्रिया झालेलीच असते.

पुण्याच्या त्या विटा करणाऱ्या कारागिराकडे कावसजी गेला तेव्हां त्याला काय हवें आहे हें विचारण्याची गरज नव्हती. आज ही विद्या त्याच्याहून कितीतरी पुढें गेली आहे; पण नेमकी तीच गोष्ट विचारण्याची गरज तिला पडूं लागली आहे. शस्त्र उचलण्यापूर्वीं वैद्यानें एकच प्रश्न विचारावा: बाई, हें व्यंग तुम्हांला प्रथम कोणी दाखविलें? उत्तर ऐकून तो शस्त्र खालीं ठेवील कीं नाहीं, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न. आपण मात्र निदान त्या उत्तरांत आपलें नांव येणार नाहीं एवढी खबरदारी घेऊं शकतों.